घरची झडती

कॉलिनने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, ताटांमधून जागा करून ती टेबलावर उलगडली आणि आतलं तांब्याचं नाणं शेंगाचटणीच्या वाटीशेजारी ठेवलं. नाणं जुन्या ढब्बू पैशाएवढं होतं. त्याच्यावर राजाचं तोंड नव्हतं की साल नव्हतं. दोन्ही बाजू घासून सपाट केलेल्या होत्या आणि एका बाजूवर सुईने टोचून टोचून अक्षरं काढली होती.

"हे माझ्या खापरपणजोबाचं," कॉलिन म्हणाला. "आयझॅक त्याचं नाव. चोर होता."

आपले पणजोबा संस्थानात दिवाण होते, हे एखाद्याने ज्या सुरात सांगावं त्याच सुरात त्याने हे सांगितलं. प्रताप आणि अरुणा खळखळून हसले. देवदत्तही हसला, पण जरा उशिराच.

रविवारची दुपार होती. सिंगापूरच्या क्वीन्सटाउन भागातल्या अकराव्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन्ही पंखे पुऱ्या वेगाने फिरत होते, तरी पाहुण्यांच्या कपाळावर घाम होता. कॉलिन म्हणजे वन-नॉर्थच्या ऑफिसातला देवदत्तचा वरिष्ठ, मूळचा टास्मानियाचा. देवदत्तच्या नोकरीच्या पासच्या नूतनीकरणाचा अर्ज नुकताच त्याच्या सहीने गेला होता. प्रताप त्याच टीममधला, पुण्याचा. अरुणा त्याची बायको. कॉलिनला हॉटेलातलं नको, घरचं मराठी जेवण हवं होतं. मधुवंतीने, म्हणजे देवदत्तच्या बायकोने, हौसेने सगळ्यांना बोलावलं आणि दोन महिन्यांसाठी आलेल्या तिच्या सासूबाईंनी सकाळपासून भाकऱ्या थापल्या. जेवताना आई टेबलाशी नसती तर देवदत्तला हायसं वाटलं असतं. पण हे बोलणार कुणापुढे?

देवदत्त माने जातीने कैकाडी. इंग्रजांनी काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि तसा कायदा केला, त्यांतली ही एक. त्याची आई सोलापूरला तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत जन्मली. ती दहा वर्षांची असताना कायदा गेला आणि तार तुटली. हे सगळं मधुवंतीला माहीत होतं. सिंगापुरात दुसऱ्या कुणालाही नाही. अकरा वर्षांच्या जाईलासुद्धा नाही. 'माने म्हणजे साताऱ्याकडचे का?' असं प्रतापने पहिल्याच भेटीत विचारलं, तेव्हा 'त्याच बाजूचे' म्हणून देवदत्तने वेळ मारून नेली होती. प्रतापने आपल्या परीने त्यांची सोयरीक कुठकुठल्या सरदार घराण्यांशी जुळवली, ते त्याचं त्यालाच माहीत.

आई आल्यापासून वेळ मारून नेण्याचे प्रसंग रोज येऊ लागले होते. त्यांची घरची बोली तमिळच्या नात्यातली. त्यामुळे खाली झाडलोट करणाऱ्या तमिळ बाईशी आईचं पहिल्याच आठवड्यात गूळपीठ जमलं. मोडकंतोडकं का होईना, दोघी लिफ्टपाशी उभ्या राहून बोलत आणि हसत. तिथे नेमकं अरुणाने त्यांना गाठलं.

"काकूंना तमिळ कसं हो येतं?" तिने विचारलं होतं.

"शेजारी मद्रासकडचे लोक होते," देवदत्त म्हणाला होता.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. देवदत्तचा ब्रह्मराक्षस हल्ली अरुणाच्या आवाजात बोलत असे. बिचारीच्या मनात काही नसायचं. तिला चौकशा करायची आवड होती, एवढंच.

आता कॉलिनने खुर्ची मागे सरकवून आयझॅकची गोष्ट सांगायला घेतली. आयझॅक इंग्लंडमधल्या एका खेड्यातला शेतमजूर, वय एकोणीस. ऐन थंडीत त्याने एका गिरणीवाल्याच्या पडवीतून दोन घोंगड्या उचलल्या. शिक्षा झाली सात वर्षं, समुद्रापार. आधी काही महिने त्याला नदीच्या गाळात उभ्या केलेल्या एका जुन्या जहाजात कोंडला, त्या जहाजाचाच तुरुंग केलेला होता. तिथे बसून त्याने हे नाणं घासलं आणि हॅना नावाच्या मुलीचं नाव त्यावर टोचलं, खाली 'विसरू नकोस' असं लिहिलं. जहाज सुटायच्या दिवशी ती बंदरावर येणार होती. ती आली नाही. नाणं त्याच्याबरोबरच टास्मानियाला गेलं.

आई कॉलिनच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिला मराठीत सांगणं भाग होतं.

"ह्यांच्या खापरपणजोबाला शिक्षा झाली होती," देवदत्त म्हणाला. "बोटीतून लांब पाठवलं."

"काळ्या पान्यावर," आई म्हणाली.

"हो. तसंच काहीतरी."

कॉलिन पुढे सांगत होता. तिकडे आयझॅकला एका जमीनदाराच्या शेतावर कामाला जुंपला. उलट बोलला म्हणून खांबाला बांधून चाबकाचे फटके दिले. तो रानात पळाला, मुळं खाऊन राहिला, शेवटी भुकेनेच त्याला पकडून दिला. मग पायात बेड्या घालून रस्त्यासाठी खडी फोडायला लावली.

"तिथे त्याने शेतात काम केलं," देवदत्तने आईला सांगितलं. "मग रस्त्याचं काम."

"बाबा, यू स्किप्ड द व्हिपिंग पार्ट, लाह!" जाई ओरडली. "आजी, त्याला खूप मारलं. असं बांधून. मग तो जंगलमध्ये पळून गेला आणि परत पकडला."

आईने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मंग?" ती म्हणाली.

मग काही वर्षांनी त्याला अर्धी मोकळीक मिळाली. कुणाकडेही मजुरी करावी, झोपडी बांधावी, पण नजरेखालीच राहावं.

"त्येंना हजेरी हुती का?" आईने विचारलं. "नाव पुकारत हुते का?"

देवदत्तने विषय बदलायला तोंड उघडलं. पण जाईने तोवर प्रश्न इंग्रजीत करून टाकलाही होता, आणि कॉलिन खूश होऊन पुढे झुकला. हो, हजेरी होती! ठरल्या दिवशी सगळ्यांना मैदानात उभं करून एकेकाचं नाव पुकारत. जो हजर नसेल त्याची मोकळीक गेली.

"आन् पास?" आई म्हणाली. "दुसऱ्या गावाला जायाचं तर पास लागायचा का?"

"आई, ताक घे ना थोडं," देवदत्त म्हणाला.

"शी'ज आस्किंग अबाउट पास," जाई म्हणाली.

"लागायचा," कॉलिन म्हणाला. "हद्द सोडायची तर चिठ्ठी लागायची. पण हे यांना कसं माहीत?"

सगळे आईकडे बघू लागले. पंखे फिरत होते. अरुणाने हाताची कोपरं टेबलावर टेकली आणि आता काहीतरी रंगतदार ऐकायला मिळणार अशा चेहऱ्याने ती देवदत्तकडे वळली.

"गिरणीत असायचं तसं," देवदत्त म्हणाला. "सोलापूरला गिरण्या होत्या ना. आमच्याकडचे बरेच जण गिरणीत होते. हजेरी, गेटपास, सगळं असायचं."

खोटंही नव्हतं. कुंपणातली माणसं गिरणीतच कामाला नेत. पण आई विचारत होती ती हजेरी आणि तो पास गिरणीचे नव्हते, वसाहतीचे होते. आईने ताकाचं भांडं उचललं आणि ती खाली बघून प्यायला लागली. इथे आणताना विमानतळावरच त्याने तिला बजावलं होतं, चारचौघांत फक्त मराठी बोलायचं आणि मागचं काही काढायचं नाही. मागचं काही काढलं तर नव्हतंच तिने. फक्त विचारलं होतं.

"गंमत पुढेच आहे," कॉलिन म्हणाला. "आयझॅकची मुलं सांगायची, आमचा बाप खलाशी होता. नातवंडंही तेच सांगायची. माझ्या आजोबांनी घरातले सगळे जुने कागद जाळले. लोकांना कळलं तर नोकरी जाईल, मुलींची लग्नं अडतील. हे नाणं तेवढं शिवणाच्या डब्यात बटणांबरोबर राहिलं. आता बघा! आता ज्याच्या घरात असा एखादा चोर निघत नाही, तो खट्टू होतो."

"आपल्याकडे असं कुणी निघालं तर?" प्रताप म्हणाला.

"चिडीचूप बसतील, दुसरं काय!" अरुणा म्हणाली. "चार लोकांत सांगायचं काय, आमचे आजोबा दरोडे घालायचे म्हणून?"

देवदत्त पाण्याचा जग भरून आणायला उठला. जग अर्धा भरलेला होता.

नाणं हातोहात फिरलं. प्रतापने वजन करून पाहिलं, अरुणाने मोबाइलवर फोटो काढला, जाईने नाकाशी नेऊन वास घेतला. आईच्या हातात ते सगळ्यांत जास्त वेळ राहिलं. ती अंगठा त्याच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवत होती, कापडाचा पोत बघावा तशी.

"किती घासलं आसंल," ती म्हणाली. "कोंडलेल्या मानसाला हात रिकामा ठिववत न्हाई."

तेवढ्यात कॉलिनच्या बायकोचा फोन आला. तो बोलत बोलत बाहेरच्या सामाईक गॅलरीत गेला, पाठोपाठ प्रतापही वारा खायला गेला. मधुवंती आणि अरुणाने ताटं आवरली. आई गोळी घ्यायला तिच्या खोलीत गेली. देवदत्तने टेबल पुसलं आणि फडकं सिंकवर पिळून टाकलं. सगळं पार पडलं, असं त्याला वाटलं. आता कॉफी, मग निरोप.

कॉलिन आत आला, रुमाल घडी करायला टेबलापाशी गेला, आणि थांबला. त्याने शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे.

"माझं नाणं पाहिलंत कुणी?"

पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. असेल इथेच, म्हणत सगळे शोधू लागले. प्रतापने खुर्च्या हलवल्या, सोफ्याखाली हात घातला. अरुणाने चटणीची वाटी ढवळून पाहिली. मधुवंती स्वयंपाकघरात गेली आणि कचरा तळमजल्यावर टाकायच्या शूटच्या झाकणाकडे बघत उभी राहिली. ताटातलं खरकटं तिने नुकतंच त्यातून खाली सोडलं होतं. कॉलिन हसत होता, पण त्याचा चेहरा उतरला होता. ते नाणं त्याच्या आईने जाताना त्याच्या हातात दिलं होतं, एवढंच तो म्हणाला.

"चोरावर मोर कोण निघालं म्हणायचं?" अरुणा म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली.

देवदत्तला ते हसू दुरून ऐकू आल्यासारखं आलं.  न विचारता, न ठरवता त्याचे हात खिशात गेले. पाकीट, किल्ल्या, एमआरटी ट्रेनचं कार्ड, रुमाल, एक पेपरमिंटची रिकामी पुडी अशी एकेक वस्तू काढून त्याने टेबलावर मांडली आणि दोन्ही खिसे उलटे करून बाहेर ओढले.

"अरे माने, तुझी कोण झडती घेतंय?" प्रताप हसत म्हणाला.

"नाही, चुकून टाकलं असेल म्हणून," देवदत्त म्हणाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ज्याने काही चोरलेलं नाही त्याच्याही मनात ते पडतं, आणि लख्ख पडतं, हे म्हण करणाऱ्याला ठाऊक नसावं.

देवदत्तला ठाऊक होतं. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये एका मुलाचं घड्याळ हरवलं, तेव्हा पहिली पेटी त्याची उघडली होती. तोवर दोन वर्षं तो सगळ्यांचा मित्र होता. कुणीतरी कचेरीत त्याचा जातीचा दाखला पाहिला होता, बाकी काही झालं नव्हतं. घड्याळ पुढे न्हाणीघरात सापडलं, मुलांनी सॉरीही म्हटलं. पण त्यानंतर तो जवळ आला की बोलणाऱ्यांचा हात सहज आपल्या खिशाकडे जायचा. त्यांच्या ते ध्यानातही नसायचं. आता प्रताप, अरुणा, मग महाराष्ट्र मंडळाचा ग्रुप, मग गणपतीची आरती आणि जाईच्या मैत्रिणी. एकाचा हात खिशाकडे गेला की सगळ्यांचा जाणार होता.

त्याने मधुवंतीकडे पाहिलं. मधुवंतीची नजर आईच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि लगेच परतली. निदान त्याला तसं दिसलं.

"आईला विचारून येतो," तो म्हणाला. "तिने कुठे उचलून ठेवलं असेल."

आई पलंगाच्या कडेला बसून गोळ्यांच्या पाकिटाकडे बघत होती. देवदत्तने आत येऊन दार लावून घेतलं. हॉलमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता.

"आई, ते नाणं," तो हळू म्हणाला. "चुकून तुझ्याबरोबर आलं का इकडे?"

तो मराठीत बोलला. एकांतात ती दोघं कधीच मराठीत बोलत नसत. पण हे विचारायला घरची भाषा त्याच्या तोंडी आली नाही. त्यांच्या घरात झडती नेहमी मराठीतच झाली होती.

आईने त्याच्याकडे पाहिलं. रागावली असती, रडली असती, तर त्याला काही बोलता आलं असतं. ती उठली. तिने भिंतीकडची बॅग ओढून खोलीच्या मधोमध आणली, चेन उघडली आणि एकेक वस्तू काढून फरशीवर ठेवायला लागली. लुगडी झटकून वेगळी. पोलक्यांच्या बाह्या उलट्या. मिश्रीची डबी झाकण काढून. फराळाच्या रिकाम्या डब्याचं तोंड खाली. मग तिने उशीचा अभ्रा काढला आणि तोही झटकला. प्रत्येक वस्तू दिसेल अशी, दुसरीला न चिकटता. कुणी सांगावं लागत नव्हतं. शेवटी तिने कनवटीची पिशवी सोडून त्याच्यापुढे धरली, पदर झटकला आणि केसांचा बुचडा सुटा केला.

थांब, म्हणायला हवं होतं. पहिल्या लुगड्यालाच म्हणायला हवं होतं. देवदत्त दाराला पाठ लावून उभा राहिला आणि शेवटपर्यंत बघत राहिला, कारण बुचड्यात असलं तर, हा विचार त्याच्या मनातून जात नव्हता. त्याला स्वतःची इतकी शिसारी कधी आली नव्हती, आणि तरीही त्याने डोळे वळवले नाहीत.

बुचड्यात काही नव्हतं.

"तुजा बा बी असाच करायचा," आई खाली बसत म्हणाली. ती अजून मराठीतच बोलत होती. "गावात कुटं काय गेलं म्हून कळलं, की शिपाई यायच्या आत घरात झडती घ्यायचा. माजी, पोरांची, म्हातारीची. मारायचा न्हाई. निस्ता बघायचा. त्येला वाटायचं, आपून आदी बघितलेलं बरं."

"आई, मी तसं..."

"सगळ्यांची घ्यायचा पर. ल्हान-थोर काय न्हाई." तिने केस पुन्हा गुंडाळले. "जाई ऱ्हायली तुजी."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. राहिलेलं काम सांगावं तसं तिने ते सांगितलं.

जाईची खोली समोरच होती. देवदत्तला वाटलं आपण हॉलमध्ये जातोय, पण पाय तिकडे गेले. त्याने दारावर टकटक केली नाही. जाई कानांना हेडफोन लावून फरशीवर पालथी पडली होती. तिच्यापुढे पांढरा कागद होता, कागदाखाली काहीतरी गोल होतं, आणि ती पेन्सिल आडवी धरून वरून घासत होती. काळ्या करड्या रंगातून अक्षरं उमटत होती.

"बाबा, लुक!" तिने हेडफोन खाली ओढले. "हॅनाचं नाव आलं! मी अंकलला सरप्राइज देणार. फ्रेम करून."

"तुला कोणी पाहिलं का?"

"हं?"

"हे उचलताना. कोणी पाहिलं?"

जाईच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवटच राहिलं. "आय डोन्ट नो. टेबलवर होतं. आय वॉज गोइंग टू गिव्ह बॅक, वॉट."

त्याने कागद खस्सकन ओढला. नाणं घरंगळत पलंगाखाली चाललं होतं, ते त्याने तळव्याखाली दाबलं. कागदाचा बोळा करून खिशात कोंबला. जाईचं मनगट त्याने कधी धरलं ते त्याला कळलं नाही.

"हे तुझ्याकडे नव्हतं," तो कुजबुजला. "कळलं? तू पाहिलंच नाहीस. बाहेर एक शब्द बोलायचा नाही."

"बट बाबा, आय डिडन्ट..."

"चूप!"

असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिने आपलं मनगट त्याच्या हातातून हळू सोडवून घेतलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

खरं तर काय अवघड होतं? पोरीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाहेर आणायचं, म्हणायचं, हा घ्या तुमचा चोरावरचा मोर. सगळे हसले असते. कॉलिनने तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला असता. हे देवदत्तला सुचलं, पण पुढे कितीतरी महिन्यांनी, एका सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये. त्या दुपारी त्याला फक्त एवढंच दिसत होतं की नाणं मान्यांच्या घरात, मान्यांच्या पोरीपाशी सापडलं आहे.

तो मूठ आवळून हॉलमध्ये आला. सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी जमून कचऱ्याच्या शूटबद्दल बोलत होते, खाली फोन करावा का, रविवारी कोणी भेटेल का. देवदत्त सोफ्यापाशी गुडघ्यांवर बसला, हात खाली घातला, आणि मूठ उघडून पुन्हा मिटली. किती सफाईने जमलं ते. भीतीपोटी माणूस काय काय शिकून जातो.

"सापडलं!" तो ओरडला. आवाज जरा जास्तच मोठा लागला.

एकच गलका झाला. कॉलिनने नाणं घेतलं, दिव्याखाली धरून पाहिलं आणि देवदत्तला चक्क मिठी मारली. त्याचे डोळे ओले झाले होते.

"पण सोफ्याखाली मी पाहिलं होतं," प्रताप म्हणाला. "हात घालून पाहिलं होतं."

देवदत्त गुडघे झटकत होता. "पायाच्या मागे होतं," तो म्हणाला. "भिंतीला चिकटून."

प्रतापने सोफ्याकडे पाहिलं. मग देवदत्तकडे पाहिलं. 

"चष्म्याचा नंबर वाढला बहुतेक," प्रताप म्हणाला आणि त्याने कॉफीचा कप उचलला.

कॉफी झाली. मधुवंतीने भाकऱ्या आणि चटणी डब्यात भरून दिली. पाहुणे दाराशी बूट घालायला लागले, तेव्हा जाई खोलीतून बाहेर आली. तिच्यामागे आई होती. आईने बुचडा नीट बांधला होता, पदर डोक्यावर घेतला होता. देवदत्तने आईकडे पाहिलं नाही.

"अरे, ही कुठे होती?" कॉलिन म्हणाला आणि जाईसमोर वाकला. त्याने रुमाल उलगडून नाणं पुढे केलं. "तुला एक गंमत सांगू? माझी मुलं तुझ्याएवढी असताना यावर कागद ठेवून पेन्सिलने घासायची. सगळी अक्षरं उमटतात. भिंतीवर लावलेत आम्ही ते कागद. तुला करायचंय? मी थांबतो. कागद-पेन्सिल आहे ना तुझ्याकडे?"

जाईने वडिलांकडे पाहिलं. देवदत्तचा हात पँटच्या खिशावर होता. त्याने तो काढला नाही.

"नो, अंकल," जाई म्हणाली. "पेन्सिल नाहीये."

"मग नुसतं हातात तरी घे."

जाईने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि मान हलवली.

"किती गुणी आहे हो मुलगी!" अरुणा म्हणाली. "दुसऱ्याच्या वस्तूला हात म्हणून लावत नाही. आमचा रोहन असता तर एव्हाना नाणं त्याच्या खिशात असतं."

सगळे हसले. मधुवंती लिफ्टचं बटण दाबायला पुढे गेली. कॉलिन दारातून वळून पुन्हा एकदा आईला नमस्कार करत होता. आईने एका हाताने त्याला नमस्काराची खूण केली. दुसऱ्या हाताने, जाईच्या पाठीआड, पदराचं टोक ओलं करून ती पोरीची काळी झालेली बोटं एकेक करून पुसत होती.